लेकाच्या ताटात काय वाढायचं? व्हीगन घर आणि लहान मूल

रानजाई

आम्ही नवरा-बायको सहा वर्षांपासून व्हीगन आहोत. मांस-मासे-अंडी नाहीत, आणि दूध, दही, तूप, पनीर, मध हेही नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं, रविवारी मटण ठरलेलं. सासर पुण्यातलं, शाकाहारी, साजूक तुपाशिवाय वरणभात न गिळणारं. त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाल्ली आहेत.

कारण विचारतात म्हणून सांगते. मामाच्या गोठ्यात म्हैस व्याली आणि आठव्या दिवशी रेडकू गेलं. म्हैस पान्हा सोडेना. तेव्हा मामाने त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यासमोर ठेवलं. ती चाटत राहिली आणि मामा धार काढत राहिला. मामा दुष्ट नव्हता, कर्ज होतं त्याच्यावर. पण त्यानंतर चहाचा कप माझ्या तोंडापर्यंत गेला नाही.

आता मुद्दा. लेक साडेचार वर्षांचा आहे. दीड वर्षापर्यंत अंगावर पीत होता, नंतर आमच्यासारखंच जेवतो: नाचणी, डाळी, उसळी, शेंगदाणे, तीळ, फळं. दोन महिन्यांपूर्वी चिडचिडा झाला, जिना चढताना बसायला लागला. बोटांची पेरं काळवंडली होती, पण तो उन्हात खेळतो म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. जीभ लालभडक दिसली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. बी१२ जीवनसत्त्व १३८, हिमोग्लोबिन ९.८, दोन्ही कमी.

इडली-डोशाच्या आंबवलेल्या पिठातून आणि स्पिरुलिनाच्या पावडरीतून बी१२ मिळतं असं मी धरून चालले होते. कुठेतरी वाचलं आणि पडताळून पाहिलं नाही. चूक माझी आहे. इंजेक्शनं झाली, आता थेंब चालू आहेत. सासूबाई म्हणाल्या, "पोराला उपाशी मारलंस." त्या रात्री झोप लागली नाही.

व्हीगन घरात मूल वाढवणाऱ्यांनी, आणि न वाढवणाऱ्यांनीही, अनुभव लिहा. फक्त "दूध द्या" एवढं लिहून जाऊ नका, ते घरात रोज ऐकते.

आजीचा_बटवा

रागावू नकोस, आईच्या वयाची आहे म्हणून लिहिते. मोठ्या माणसाने हवा तो नेम धरावा. आम्ही नाही का चातुर्मास पाळत? पण लेकरांना आपण कधी एकादशी धरायला लावली नाही. व्रत घेणाऱ्याला कळतं आपण काय सोडतोय. साडेचार वर्षांच्या पोराने काय सोडलं? त्याच्यापुढे आलंच नाही ते. रोज दोन पेले दूध पाज, महिन्याभरात पोर उड्या मारेल.

स्टेथो

मी सोलापुरात बालरोगतज्ज्ञ आहे. आजींचा व्रताचा मुद्दा मला पटतो, दोन पेल्यांचा पटत नाही.

माझ्याकडे रक्त कमी असलेली जी एक ते तीन वर्षांची मुलं येतात, त्यांतली पुष्कळशी दूधवेडी असतात. दिवसाला लिटरभर दूध, बाटलीने, आणि जेवायला नको. दुधात लोह नगण्य, त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहालाही अडवतं, वर पोट भरल्यामुळे भाकरी-डाळ मागे पडते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध देऊ नका असं मी प्रत्येक आईला सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. ही घरं व्हीगन नव्हती.

आता बी१२. ते झाडपाला बनवत नाही, गाय-म्हैसही स्वतः बनवत नाही. तिच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून बनवतात आणि ते दुधा-मांसातून आपल्याकडे येतं. इडलीच्या पिठातल्या जिवाणूंवर भरवसा ठेवता येत नाही. स्पिरुलिनात जे असतं ते दिसायला बी१२ सारखं, पण आपल्या शरीराला बहुतांशी निरुपयोगी. रानजाई, तुमची फसगत झाली तशी शिकलेल्या पुष्कळांची होते. मोठ्या माणसाच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा दोन-चार वर्षं पुरेल इतका साठा असतो, म्हणून व्हीगन झाल्यावर पहिली काही वर्षं "मला काही झालं नाही" असं वाटतं. मुलाकडे तो साठा नसतो. आईने पोटात असताना दिला तेवढाच.

आणि इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे. दहा महिन्यांचं बाळ येतं. अंगाने गुबगुबीत, केस विरळ आणि भुरे, हातापायांची पेरं काळी. आई सांगते, आधी हसायचं, आता हसत नाही. बसायला लागलं होतं, आता मानही टाकतं. मग हात थरथरायला लागतात. बालपणातला कंपवात (इन्फन्टाइल ट्रेमर सिंड्रोम) म्हणून आपल्या देशातल्या डॉक्टरांनी हे दुखणं सत्तर वर्षांपूर्वीपासून लिहून ठेवलंय आणि बहुतेक बाळांत बी१२ ची कमतरता सापडते. अशा एकाही बाळाची आई मला स्वतःला व्हीगन म्हणवणारी भेटलेली नाही. त्या शाकाहारी असतात, किंवा नावाला मांसाहारी, महिना-दोन महिन्यांतून एकदा रस्सा. घरात गाय असते, दूध डेअरीला जातं. आईच्या वाट्याला चहातलं चमचाभर. बाळ निव्वळ तिच्या दुधावर, आणि तिच्या दुधात बी१२ जवळजवळ नाहीच.

गोठा_आणि_मी

वरच्या प्रतिसादातलं "दूध डेअरीला जातं" हे वाक्य माझ्या घरातलं आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात माझ्या सात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विलायती जातीच्या) गायी आहेत. पहाटे साडेचारला धार, साडेपाचला किटली घेऊन संकलन केंद्रावर. फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ बसलं तर पूर्ण दर, एक पॉइंट खाली आला की कापाकापी. मागे दर पंचवीस-सत्तावीसवर आला तेव्हा पेंडेचे पैसे सुटत नव्हते. अशा दिवसांत घरच्यांसाठी लिटरभर बाजूला काढायला हात धजत नाही. बायको बाळंत झाली तेव्हा आईने तिला अर्धा लिटर ठेवायला सुरुवात केली, ते सुद्धा मी हिशोबात मांडलं होतं. आज लाज वाटते.

रानजाई ताई, तुमच्या मामाने केलं ते माझ्या आजोबांनी केलेलं मी पाहिलंय. आता आमच्याकडे तसं कुणी करत नाही, पण त्याहून अवघड प्रश्न आलाय. गोऱ्हा झाला तर काय करायचं? ट्रॅक्टर आला, नांगराला बैल लागत नाही, त्यातून एचएफचा गोऱ्हा औताला कुचकामी. २०१५ च्या कायद्यानंतर बैल-गोऱ्हा कापायला विकता येत नाही. पाळायचं म्हटलं तर त्याला रोज दूध पाजा, म्हणजे माझ्याच खिशातून. मग रात्रीतून कुणीतरी हायवेला सोडून येतो. ज्यांचं पोट दुधावर आहे त्यांच्यातला कुणी हे उघड बोलणार नाही, मी बोलतोय. दोन वर्षांपासून कालवडच होण्याची शक्यता जास्त असलेली रेतमात्रा भरून घेतो. महाग पडते आणि दरवेळी गाय गाभण राहतेच असं नाही, पण गोठ्यात गोऱ्हे कमी झाले.

तुम्ही दूध सोडलं म्हणून मला राग नाही. राग येतो तो दहा रुपयांची पिशवी महागली की ओरडणाऱ्यांचा, ज्यांना गोऱ्ह्याचं काय होतं ते कधी विचारावंसंही वाटत नाही.

निर्मळ

गोठा_आणि_मी, तुमच्याइतकं खरं बोललेला दूध उत्पादक मी पाहिला नाही. मनापासून आभार.

मी बारा वर्षं व्हीगन आहे. "मुलांवर लादू नका" हे ऐकून ऐकून थकलोय. मुलाला कोंबडी खाऊ घालतानाही त्याची परवानगी कुणी घेत नाही. गोष्टीच्या पुस्तकात कोंबडीची पिल्लं दाखवायची आणि दुपारी तीच ताटात, हे कुठल्याही मुलाला नीट समजावून सांगून पाहा. प्रत्येक घर आपापलं अन्न मुलाला देतंच. फक्त आमच्या बाबतीत त्याला लादणं म्हणतात.

आणि रानजाई, थेंब देणं म्हणजे हार नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी 'व्हीगन' हा शब्द काढला. त्यांच्या संस्थेच्या व्याख्येतच "शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर" असं म्हटलंय. औषधातलं बी१२ जिवाणूंपासूनच तयार होतं. ते न घेता व्हीगन राहणं हा हट्ट आहे आणि त्या हट्टाने आमच्या चळवळीचंच नुकसान होतं.

दर्यावर्दी

निर्मळसाहेब, तुमचा हा सूर असता तर मी तुमच्याशी कधीच भांडलो नसतो. पण सगळे असं बोलत नाहीत.

मी मालवणचा, नोकरीला मुंबईत. भाड्याची जागा शोधताना तीन ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग "नॉनव्हेज करता का?" आणि मग "बघून कळवतो". मुलीच्या शाळेत बाईंनी सांगितलं, डब्यात अंडं आणू नका, इतर मुलांना त्रास होतो. मुलगी सहा वर्षांची. घरी येऊन विचारते, "बाबा, आपण घाण खातो?" काय उत्तर देणार?

आमच्याकडे मासा म्हणजे चैन नव्हे. लेप, पेडवे, तारली मिळेल ते, भात आणि तिरफळ घातलेली कढी. आजीने पाच पोरं त्यावर वाढवली. सोमवार, संकष्टी, श्रावण आम्हीही पाळतो. पण महाराष्ट्रात "काय खाता" या प्रश्नाच्या पोटात "कोण तुम्ही" हा प्रश्न दडलेला असतो. व्हीगन मंडळी म्हणतील आमचा त्याच्याशी संबंध नाही. नसेलही. पण "प्रेत खाता" हे वाक्य कानावर पडलं की आम्हाला ते जुनंच ऐकू येतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने डब्यात डोकावून हेच म्हटलं होतं. चार वर्षं झाली, अजून एका टेबलावर बसत नाही आम्ही.

रानजाई

दर्यावर्दी, हे वाक्य मी माझ्या भावजयीला म्हटलं होतं. तिच्या घरी, तिने माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या तेलात भरली वांगी केली होती तेव्हा. ती काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, आणि नंतर भाऊ म्हणाला की ती तिथे उभी राहून रडली.

ज्या घरात आधी आडनावाचं माप काढतात त्या घराशी मी स्वतःला कधी जोडलंच नव्हतं. मी तर जातीपाती मोडून लग्न केलेली बाई. पण ऐकणाऱ्याला फरक कसा कळावा, हे आज तुमच्यामुळे समजलं. मुलीला काय उत्तर दिलंत?

दर्यावर्दी

तिला घेऊन सुट्टीत गावी गेलो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना तिच्या हातात दोर दिला. परत आल्यावर तिने तो प्रश्न विचारला नाही. डब्यात मात्र अजून पोळी-भाजीच नेते.

माळकरी

राम कृष्ण हरी. आमच्या घरात तीन पिढ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. दुधाला हिंसा म्हणणं मला जड जातं, कारण आमच्या आईने वासराचे दोन सड सोडूनच धार काढली. पण गोऱ्ह्याचं वाचून गप्प बसलो. आम्ही आता पिशवीचं दूध घेतो आणि त्या पिशवीमागचा गोठा आम्ही पाहिलेला नाही.

एक सांगतो. वय ५८, रोज दूध-ताक पितो, तरी गेल्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागल्या, तोल जाऊ लागला. बी१२ १४०. या ताईंच्या मुलाइतकंच. सुनेचं तपासलं, तिचंही कमी. दूध दिवसातून तीनदा उकळायचं, साय काढायची, चहात घालायचं, आणि दूधदुभतं घरात आहे म्हणायचं. दुसऱ्यांच्या ताटाकडे बोट दाखवण्याआधी सुनेचा रिपोर्ट पाहिला हे बरं झालं.

अंगणवाडी_ताई

मी पालघर जिल्ह्यात काम करते. आमच्याकडे अमृत आहार योजनेत मुलांना आठवड्याला चार वेळा उकडलेलं अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळं. २०१६ पासून. अंड्याच्या दिवशी पट भरतो, एवढंच सांगते. एक मुलगी अर्धं अंडं फ्रॉकच्या खिशात ठेवते, धाकट्या भावासाठी. खिसा पिवळा होतो म्हणून आई रागवायची, मग मी तिला वाटी दिली.

शाळांच्या पोषण आहारात राज्याने २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणीतून करायला सांगितलं. आमच्या पाड्यावर वर्गणी कोण देणार? शहरात या विषयावर चर्चा होते तेव्हा ज्यांच्या घरात बदाम, अक्रोड, सोयाचं दूध सगळं आहे ते बोलतात. ज्या मुलाला अंड्याऐवजी काहीच मिळणार नाही, त्याच्या वतीने कुणी नैतिक भूमिका घेऊ नये. ताई, हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही मुलाला डॉक्टरकडे नेलंत, रिपोर्ट वाचलात. आमच्याकडे तपासणीलाच दिवस मोडतो.

निर्मळ

अंगणवाडी_ताई, पाड्यावरच्या मुलाचं अंडं काढून घ्या असं मी कधी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. पण गप्प राहिलो हे खरं. आमच्या गटात अंड्याच्या निर्णयावर टाळ्या वाजल्या तेव्हा मी काही बोललो नव्हतो. यापुढे बोलेन.

इसार_काठ

म्युनिकहून लिहितेय, दोन मुलं, ७ आणि ३, दोघं व्हीगन. इथल्या जर्मन पोषण संस्थेने २०१६ मध्ये गरोदर, स्तनदा माता आणि मुलांसाठी व्हीगन आहाराची शिफारस करत नाही असं सांगितलं होतं. २०२४ मध्ये भूमिका बदलली: आता या गटांसाठी बाजूनेही नाही, विरोधातही नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये उलट सांगितलं होतं की नीट आखला तर सगळ्या वयांना चालतो. पोलंडमध्ये ५ ते १० वर्षांच्या मुलांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास माझ्या डॉक्टरने मला दिला: व्हीगन मुलांचं वाईट कोलेस्टेरॉल बरंच कमी, पण उंची सरासरी ३ सेंटिमीटरने कमी आणि हाडांतली खनिजंही कमी. दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासात. मी पहिली वाचून खूश होऊन थांबले असते, डॉक्टरने दुसरीवर बोट ठेवलं.

आम्ही करतो ते असं: बी१२ चे थेंब रोज, हिवाळ्यात ड जीवनसत्त्व, वर्षातून एकदा रक्त. वनस्पतींच्या दुधाची खोकी घेताना कॅल्शियम घातलंय का ते पाहते, कारण इथे ऑरगॅनिक लिहिलेल्यात सहसा ते नसतं. बदामाच्या दुधात प्रथिनं जवळजवळ नाहीत, म्हणून सोयाचं. लहान मुलाचं पोट मुठीएवढं, नुसत्या कोशिंबिरी-उसळींनी ते भरतं पण उष्मांक पोचत नाहीत. म्हणून भातावर तेलाची धार, भाकरीला शेंगदाण्याचं कूट कालवून. आणि मीठ! घरात सैंधव आणू नका. आयोडीन जातं.

रानजाई

सैंधवच आहे घरात. आज बदलते.

स्टेथो

इसार_काठ यांनी लिहिलेलं नीट आहे. त्यात एक भर: लोह. नाचणी-डाळी भिजवून, मोड आणून द्या, वर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तीळ त्याच्या तिप्पटीहून जास्त, पण ते सगळं अंगी लागत नाही. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलंही घरगुती बदामाचं, नारळाचं, तांदळाचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नका. अंगावरचं, नाहीतर बाळासाठीचं डब्यातलं, गरज पडली तर सोयाचं. यात तडजोड नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार. काय ठरवलं ते सांगते.

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला लेक केकची बशी हातात घेऊन सगळ्या पोरांतून माझ्याकडे आला आणि विचारलं, "आई, हा आपला आहे का?" मी नाही म्हटलं. त्याने बशी टेबलावर ठेवली आणि हात पुसले. तेव्हा मला वाटलं किती शहाणा आहे. आज ते हात पुसणं डोळ्यांसमोरून जात नाही.

घरात आम्ही जेवतो तसंच तो जेवेल. बाहेर, आजीकडे, मामीकडे त्याला जे वाटेल ते. सासूबाईंना फोन केला, त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "शिरा करीन तुपातला, पण थेंब चुकवू नकोस." भावजयीकडे रविवारी जाणार आहे, एकटी.

थेंब आंघोळीनंतर, रोज. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. दुसऱ्या बाळाचाही विचार चालू आहे, म्हणून हे सगळं आत्ताच मार्गी लावायचंय. माझी फॉलिक ॲसिडची गोळी सुरूच आहे.

स्टेथो

थांबा. फॉलिक ॲसिड घेताय, आणि तुमची स्वतःची बी१२?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा मागोवा घेतलाय. गरोदर मातांपैकी दोन-तृतीयांश जणींत बी१२ कमी होतं, फॉलेट (फॉलिक ॲसिड ज्याचं गोळीतलं रूप, ते जीवनसत्त्व) मात्र जवळजवळ सगळ्यांचं ठीक. आणि ज्यांचं फॉलेट चढं व बी१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी खूण सगळ्यात जास्त दिसली. फॉलिक ॲसिड थांबवू नका, ते हवंच. पण ते एकटं नको. लेकाची पेरं पाहिलीत, स्वतःची पाहिलीत का?

रानजाई

नाही पाहिली. तपासणीही केली नाही, सहा वर्षांत एकदाही नाही. उद्या सकाळी सातला कोपऱ्यावरची लॅब उघडते. जाते.